भोकं बुजवणारा क्रोशा

यंदा दिवाळीआधीच्या प्रदर्शनांतून क्रोशाचे गणपती, मोदक, पणत्या, कंदील, इतकंच काय भुईचक्रंही पाहिली. सगळी गुबगुबीत, सगळ्यांच्या पोटात कापूस. क्रोशाला इतके चांगले दिवस कधी आले नव्हते, असं जो तो कौतुकाने सांगतो. मला ते अजिबात पटत नाही. सुया भरपूर चालताहेत, पण सणाच्या सजावटीतला क्रोशा जिच्या जिवावर उभा होता ती जाळीच हातातून सुटत चालली आहे.

क्रोशाच्या जाळीदार ‘सुस्वागतम्’ तोरणांना नाकं मुरडणंही आता जुनं झालं. पण त्यातलं एखादं चांगलं तोरण जवळ जाऊन पाहा. एक खांब, दोन साखळ्या, पुन्हा खांब, की झाला रिकामा चौकोन. साखळ्यांच्या जागी दोन खांब घातले की तोच चौकोन भरला. एवढ्याच भांडवलावर राजहंसाची मान वळवायची असते. चौकोनांना गोलाई ठाऊक नाही, ते पायऱ्यापायऱ्यांनीच वळणार. कसबी हात नेमक्या पायरीवर एक चौकोन मोकळा ठेवतो आणि चार पावलं मागे सरकलं की उरलेलं वळण आपला डोळा पुरं करतो. एका ओळीत साखळी घट्ट, पुढच्या ओळीत सैल झाली तर खांब कलतात आणि मान मोडते. बारीक सुती दोऱ्यात काही लपत नाही. हेच तोरण सकाळी घरातून पाहिलं तर मागे उजेड असल्यामुळे हंस काळा दिसतो. बाहेरून पाहिलं तर घरातल्या अंधारावर तोच पांढराशुभ्र. दाराच्या चौकटीत टांगलेली ही वस्तू एकाच विणीतून दोन चित्रं देते. रंगीत लोकरीच्या कुठल्या मोदकाला हे साधेल?

सुदैवाने हा धागा तुटलेला नाही. सुती दोऱ्याचे छोटे आकाशकंदील काही जणी करू लागल्या आहेत आणि मला वाटतं, या कलेत सध्या सर्वांत जिवंत काम तेच आहे. पूर्वी दोऱ्याच्या जाळीआड ज्योत ठेवण्याची सोय नव्हती, साधा बल्बही तापायचा. एलईडीने ती भीती बरीच कमी केली. मी पाहिलेल्या एका कंदिलात तळाशी दाट खांब होते आणि वर चढताना साखळ्या वाढत गेल्या होत्या. त्यामुळे खाली मंद उजेड, वर मोकळा, आणि भिंतीवर पडलेली जाळी मूळ कंदिलाच्या कितीतरी पट मोठी. खळ देण्यातही विचार होता. साखरेच्या पाकाने जाळी कडक होते खरी, पण कोकणातल्या दमट हवेत ती पुन्हा मऊ पडते आणि मुंग्या लागतात. या कंदिलाचा दोरा पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदात बुडवून तारेच्या सांगाड्यावर ताणून वाळवला होता. कुठेही सुरकुती नव्हती.

युरोप-अमेरिकेतल्या नाताळच्या झाडावरचे क्रोशाचे सहा पाकळ्यांचे हिमकण सुंदरच असतात. तेच चांदणी म्हणून दिवाळीत टांगल्याने नवं काही घडत नाही. मखमली लोकरीच्या झेंडूमाळांत तर टाकाच दिसत नाही, मग त्यांच्याबद्दल काय लिहायचं?

खरा प्रश्न आमिगुरुमीचा, म्हणजे कापूस भरलेल्या या गुबगुबीत विणकामाचा आहे. मूळच्या जपानी पद्धतीत मॅजिक रिंगपासून गोल गोल, लोकरीच्या मानाने बारीक सुईने, घट्ट मुके खांब घालतात. कारण साधं आहे, आतला कापूस बाहेर दिसू नये. एकही भोक न दिसणं हेच तिथलं यश. लहान मुलाने कवटाळायच्या खेळण्याला ते योग्यच आहे. पण दारात, खिडकीत, दिव्यापाशी टांगायच्या वस्तूला तोच नियम का लावायचा? उजेडाच्या सणाची सजावट उजेड अडवणारी का असावी?

‘विकलं जातं’ हे उत्तर मला ठाऊक आहे. भरीव मोदक फोटोत उठून दिसतो; जाळीचा फोटो काढायला मागे उजेड हवा. मोदक एका बैठकीत होतो, तोरणाला आठवडे लागतात. आणि आपण घेणारे दोन्हींचा भाव आकार बघून ठरवतो. क्रोशा हुबेहूब विणून बाजार भरू शकेल असं यंत्र आजही नाही. क्रोशा म्हणून स्वस्तात मिळणारी यंत्राची लेस दुसऱ्याच विणीची असते. म्हणजे प्रत्येक खांबामागे कुणाचं तरी मनगट आहे. मारिया मीस यांनी आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवर 1982 साली पुस्तक लिहिलं. दिवसभर विणणाऱ्या या बायका घरी बसलेल्या गृहिणीच मानल्या जातात आणि म्हणूनच त्यांची मजुरी मातीमोल राहते, हे त्यांनी दाखवून दिलं. आपण तोरणाचा भाव पाडताना आजही तेच करतो, आणि मग विणणारी जाळी सोडून मोदकाकडे वळली तर दोष तिचा नाही.

दोष प्रदर्शनं भरवणाऱ्यांचा आणि परीक्षकांचा आहे. टेबलावर चादर पसरून तिच्यावर जाळी आडवी टाकतात आणि शेजारच्या गुबगुबीत गणपतीला पहिलं बक्षीस देतात. टेबलं हटवा. दोऱ्या बांधा, कामं डोळ्यांच्या उंचीवर टांगा, मागे दिवा लावा, उलटी बाजूही तपासा. प्रत्येक वस्तूवर किमतीशेजारी विणायला लागलेले तास लिहा. आणि घासाघीस करायचीच असेल, तर आधी त्या तासांनी किमतीला भागून तासाची मजुरी किती पडते ते विणणारीसमोर मोठ्याने म्हणा.