दुधाचा पेच : वर्धा परिसरातील आहारनीतीच्या विचाराची चिकित्सा

बीजसंज्ञा : आहारनीती, अहिंसा, वनस्पत्याहार, गोसेवा, अन्न आणि जात

प्रस्तावना

मराठी समाजात आहाराच्या नीतीचा विचार बहुधा शाकाहार आणि मांसाहार या दोनच कप्प्यांत केला जातो. दूध, दही, तूप यांना शाकाहारात निःशंकपणे स्थान मिळते. दूध देणारे जनावर भाकड झाल्यावर त्याचे काय होते, त्याच्या नर वासराचे काय होते, हे प्रश्न मात्र विचाराबाहेर राहतात. सर्व प्राणिज पदार्थ वर्ज्य मानणारा 'व्हीगन' आहार नेमके हेच प्रश्न पुढे आणतो. डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी इ.स. १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये व्हीगन सोसायटी स्थापन केली आणि ही संज्ञा रूढ झाली. त्यामुळे हा विचार परका व शहरी असल्याचा समज दृढ झालेला दिसतो. प्रत्यक्षात दुधाच्या नैतिकतेचा प्रश्न त्यापूर्वीच वर्धा येथील गोसेवेच्या कार्यात विचारला गेला होता आणि त्याला एक उत्तरही दिले गेले होते. ते उत्तर कोणत्या आधारावर उभे होते व तो आधार आज कितपत शिल्लक आहे, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गांधीजींचा पेच

गांधीजींनी इ.स. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर दुधाचा त्याग केला. त्यामागे ब्रह्मचर्याचा विचार होता. त्याचबरोबर अधिक दूध मिळविण्यासाठी गायी-म्हशींचा जो छळ होतो, त्याची माहितीही त्यास कारणीभूत होती. पुढे इ.स. १९१८ मधील दीर्घ आजारानंतर, व्रत घेताना गाय व म्हैसच मनात होती, या कस्तुरबांच्या युक्तिवादावरून त्यांनी शेळीचे दूध स्वीकारले. व्रताचे शब्द पाळले गेले, परंतु त्याचा आत्मा भंगला, ही टोचणी त्यांनी आत्मचरित्रात नोंदविली आहे. दि. २० नोव्हेंबर १९३१ रोजी लंडन येथील शाकाहारी मंडळापुढील भाषणात त्यांनी शाकाहाराचा पाया आरोग्याचा नसून नीतीचा असला पाहिजे, असे प्रतिपादन केले. इ.स. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमधील बंदिवासात त्यांनी आरोग्यविषयक पुस्तकाचे लेखन केले. त्यात दूध हा प्राणिज पदार्थ असल्याने काटेकोर शाकाहारात त्याला स्थान नाही, आणि ज्याला दूध चालते त्याने निर्जीव अंड्याला हरकत घेण्याचे कारण नाही, असे त्यांनी स्पष्ट केले.

हे प्रतिपादन महत्त्वाचे आहे. शाकाहार व मांसाहार यांमधील रूढ सीमारेषा तर्काला टिकत नाही, हे शाकाहाराच्या सर्वांत प्रभावी भारतीय पुरस्कर्त्यानेच येथे मान्य केले आहे. दुधाला समर्थ वनस्पतिजन्य पर्याय त्यांना सापडला नाही. या पर्यायातील एक दुवा असलेले ब-१२ जीवनसत्त्व इ.स. १९४८ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनाच्या वर्षी, वेगळे करण्यात संशोधकांना यश आले. आज ते पूरक स्वरूपात उपलब्ध आहे. त्यामुळे दुधाविना प्रौढ माणसाचे आरोग्य टिकूच शकत नाही, हा जुना आक्षेप पूर्वीच्या स्वरूपात उरलेला नाही.

गोसेवेचे उत्तर आणि त्याचा आधार

दूध सोडता येत नसेल तर जनावराच्या संपूर्ण आयुष्याची जबाबदारी स्वीकारावी, हे वर्ध्याचे उत्तर होते. जमनालाल बजाज यांनी इ.स. १९४१ मध्ये येथे गोसेवा संघाचे कार्य उभे केले. म्हशीऐवजी गायीचा आग्रह धरण्यामागे केवळ श्रद्धा नव्हती. गाय दूध देते आणि तिचा गोऱ्हा बैल होऊन शेत ओढतो, हा त्यामागील हिशेब होता. नालवाडी येथील चर्मालयात मृत जनावरांच्या कातड्याचा उपयोग केला जाई. जन्मापासून मृत्यूपर्यंत जनावर उपयुक्त राहिले, तर त्याला मारण्याचे कारण उरत नाही, अशी ही सुसंगत योजना होती.

परंतु या योजनेचा खरा आधार बैल हा होता. आर्वी व कारंजा भागांतील गवळाऊ जातीची ख्याती दुधापेक्षा ओढकामासाठीच अधिक आहे. रोहण्यासारख्या शेतीप्रधान गावांत पोळ्याला बैल पूजिला जातो, तो घरच्या उत्पन्नातील भागीदार म्हणून. ट्रॅक्टर आल्यावर ही भागीदारी सैल झाली. नर वासराला शेतात काम उरले नाही. दुधाची मागणी मात्र कायम राहिली. अशा स्थितीत दूध पिणारा आणि मांस खाणारा हे एकाच व्यवस्थेच्या दोन टोकांना उभे असतात. पीटर सिंगर यांनी इ.स. १९७५ मध्ये प्राण्यांच्या वेदनेचा, तर टॉम रेगन यांनी इ.स. १९८३ मध्ये प्राण्यांच्या हक्कांचा सिद्धांत मांडला. त्यांच्यासमोर पाश्चात्त्य देशांतील कारखानदारी पशुपालन होते. दोन-तीन जनावरे राखणाऱ्या शेतकऱ्याला ते चित्र जसेच्या तसे लागू पडत नाही. तथापि नको असलेल्या वासराचा प्रश्न लहान गोठ्यातही तितकाच खरा आहे.

या प्रश्नाला कायद्यानेही उत्तर देण्याचा प्रयत्न झाला. विनोबांच्या प्रेरणेने इ.स. १९८२ मध्ये मुंबईच्या देवनार कत्तलखान्यासमोर सत्याग्रह सुरू झाला. इ.स. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गायीसोबत बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. बंदीमुळे कत्तल बेकायदेशीर ठरते. जनावराच्या चाऱ्याची सोय त्यामुळे होत नाही. गोसेवा संघाच्या कल्पनेत जबाबदारी दुधाचा उपभोग घेणाऱ्याची होती. बंदीच्या व्यवस्थेत ती कोरडवाहू शेतकऱ्यावर येऊन पडते. दूध पिणाऱ्या नागरी ग्राहकाला मात्र कोणतीही तोशीस लागत नाही. नैतिकदृष्ट्या हा मोठा फरक आहे.

आहार, शुद्धता आणि जात

वनस्पत्याहाराचा विचार महाराष्ट्रात मांडताना आणखी एका आक्षेपाला सामोरे जावे लागते. इ.स. १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले. त्याचा आधार प्राणिदया नसून स्वाभिमान हा होता. इ.स. १९४८ मधील अस्पृश्यतेच्या उगमाविषयीच्या ग्रंथात त्यांनी गोमांसभक्षणाचा अस्पृश्यतेशी असलेला संबंध उलगडला. इ.स. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातील दलित समाजाच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली. ताटावरून माणसाची पायरी ठरविण्याची रीत या लेखनातून उघड होते.

प्राण्याची वेदना हा व्हीगन युक्तिवादाचा पाया आहे. शुद्धता हा नाही. त्यामुळे तूप खाणारा मटण खाणाऱ्याहून श्रेष्ठ ठरत नाही, हे या युक्तिवादातूनच निष्पन्न होते. हीच त्याची समतेच्या दृष्टीने जमेची बाजू होय. मात्र तोच युक्तिवाद सोवळ्याच्या भाषेत मांडला गेल्यास जुन्या उतरंडीवर केवळ एक नवी पायरी चढविली जाईल. जवसाची चटणी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी हे वैदर्भीय अन्न त्या पर्यायाच्या जवळचेच आहे. तथापि ज्याला दारिद्र्यामुळे दूध मिळत नाही, त्याचा आहार हा त्याग ठरत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, वर्ध्याच्या गोसेवा-विचाराने दुधाला दिलेली नैतिक मान्यता सशर्त होती. बैलाला काम, भाकड गायीला चारा आणि मृत जनावराच्या कातड्याला उपयोग, या त्या अटी होत. अटी मोडल्यावरही मान्यता तशीच गृहीत धरणे हा वैचारिक आळस ठरतो. ज्यांना दुधाचा त्याग शक्य आहे, त्यांच्यासाठी वनस्पत्याहार हे त्या परंपरेचे प्रामाणिक पुढचे पाऊल आहे. ज्यांना तो शक्य नाही अथवा मान्य नाही, त्यांनी दुधाच्या किमतीत भाकड जनावराचा चारा धरावयास हवा. हा भार ग्राहकाने उचलावा की शासनाने, यावर मतभेद होऊ शकतात; तो केवळ शेतकऱ्याने उचलावा, याला मात्र नैतिक आधार सापडत नाही. दोन्ही मार्गांत संयम स्वतःपुरता असावा. गांधीजींनी दुधाचे व्रत घेतले तेव्हा ते स्वतःवर घेतले होते, इतरांच्या ताटाची परीक्षा घेण्यासाठी नव्हे.