दऱ्यांचा दर्या: संकेतस्थळाच्या नावातली 'वेगळी' अक्षरं

मंडळी, आजचा विषय वरवर तांत्रिक वाटेल, पण आतला प्रश्न तत्त्वज्ञानातला जुनाच आहे. दोन गोष्टी 'एकच' आहेत असं कधी म्हणायचं? लायब्निट्झ म्हणतो, ज्या दोन वस्तूंत कुठल्याच गुणाचा फरक नाही, त्या दोन नाहीतच. वस्तूंचं ठीक आहे हो, पण अक्षरांचं काय? अक्षराचे डोळ्यांना दिसणारे गुण वेगळे आणि यंत्राला दिसणारे वेगळे.

इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था मुळात सदतीस चिन्हांवर उभी आहे: सव्वीस इंग्रजी अक्षरं, दहा अंक आणि एक आडवी रेघ. आपण लिहितो 'भारत', आत जाताना त्याचं 'एक्सएन--एच२बीआरजे९सी' होतं. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरी '.भारत' सुरू झालं, तेव्हा मराठी, हिंदी, कोकणी, सिंधी धरून आठ भाषांना एकच दार उघडलं. ते उघडलं हे उत्तमच. माझी तक्रार दारावरच्या नियमांबद्दल आहे.

हे नियम दोनदा लिहिले गेले. पहिले २००३चे, त्यांच्यापासून सुरुवात करू. मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे दरीचं अनेकवचन. 'दऱ्या'मधली ती पापणीसारखी आडवी खूण संगणकावर दोन रीतींनी उमटते. एक तर 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घ्यायचं. नाहीतर साधा 'र', त्याला हलन्त आणि मागून एक न दिसणारं, शून्य रुंदीचं जोडचिन्ह. वाचणाऱ्याला दोन्ही अगदी सारखे दिसतात. २००३च्या नियमाने हे न दिसणारं चिन्ह सरळ गाळून टाकलं. म्हणजे दुसऱ्या रीतीने तुम्ही 'दऱ्या' टंकलंत, की यंत्र 'दर्या' शोधायला जाणार. सह्याद्रीत निघालेला माणूस थेट समुद्रात!

नियम करणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. जे दिसत नाही ते फसवणुकीला सोयीचं, ही भीती खोटी नाही. २००५ साली रशियन लिपीतला 'अ' घालून पेपालच्या नावाची हुबेहूब जोडी करून दाखवली गेली होती, आणि डोळ्यांना तिच्यात काडीचाही फरक दिसत नव्हता. पण इथे दोन गोष्टींची गल्लत झाली. चिन्ह दिसत नाही याचा अर्थ त्याचं कार्य दिसत नाही असा नाही. पाणिनीकडे 'लोप' ही रीतसर संज्ञा आहे. लोप पावलेला प्रत्यय दिसत नाही, तरी आपलं काम करून जातो. आमच्या परंपरेत हे शाळकरी पोराला शिकवत. २००३च्या समितीला ते कोणी सांगितलं नसावं.

गंमत म्हणजे या जाचात आपण एकटे नव्हतो. जर्मनांचं दुहेरी 'स'चं खास अक्षर, शब्दाच्या शेवटी येणारा ग्रीक सिग्मा आणि शून्य रुंदीची दोन चिन्हं, एक जोडणारं आणि एक तोडणारं, अशी चौकडी होती. ऑगस्ट २०१०च्या नव्या नियमांनी चौघांनाही आत घेतलं. जोडचिन्हाला अट घातली: मुख्यतः हलन्तानंतरच यायचं. अट रास्त आहे. पण '.भारत'सारख्या अगदी शेवटच्या, मूळ स्तरावरच्या नावात ते आजही चालत नाही.

आता आपण बसलो आहोत त्या गावाकडे येऊ. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांच्या कल्याण कॅम्पचं १९४९ साली उल्हासनगर झालं. सिंधी अरबी वळणाच्या लिपीतही लिहितात आणि देवनागरीतही. देवनागरीत तिला चार जादा अक्षरं लागतात: ॻ, ॼ, ॾ, ॿ. श्वास आत ओढून काढायचे हे ध्वनी, आणि खालची रेघ हीच त्यांची ओळख. 'बारु' म्हणजे ओझं, 'ॿारु' म्हणजे मूल. ही चार अक्षरं युनिकोडमध्ये २००६ साली आली, आपला मराठी 'ॲ' २००८ साली. २००३चा नियम युनिकोडच्या त्याआधीच्या आवृत्तीला बांधलेला, म्हणून त्याच्या लेखी ही अक्षरं जन्मलीच नव्हती! आज ती चालतात. पण पडद्यावर दुव्याखाली आपोआप रेघ येते ना, तिच्यात अक्षराची रेघ बुडून जाते, आणि मुलाचं ओझं होतं.

मग यावर काय करायचं? काहीजण म्हणतात, सारखी दिसणारी सगळी नावं एकाच मालकाला द्या. मला हे सरसकट पटत नाही. अंबरनाथचं उदाहरण घ्या. 'अंबरनाथ' आणि 'अम्बरनाथ' यंत्राला दोन नावं, वाचणाऱ्याला एकच. हा अनुस्वार-परसवर्णाचा भेद नियमाने ओळखता येतो, तेव्हा दोन्ही एकाच मालकाकडे हवीत, एवढं उघड आहे. 'दऱ्या'च्या दोन रीतींचंही तसंच. जर्मन नोंदणीसंस्थेने २०१०मध्ये असंच काहीसं केलं: ते खास अक्षर खुलं करताना, ज्यांच्याकडे दुहेरी 'स'ची नावं आधीपासून होती त्यांना पहिली संधी दिली.

'बदलापूर' आणि हिंदी 'बदलापुर' हे अवघड प्रकरण. दोन्ही आपापल्या भाषेत शुद्ध, गाव एक. पण ऱ्हस्व-दीर्घ सरसकट एक मानले तर मराठीत 'दिन' आणि 'दीन' एकाच खात्यावर जमा होतील. इथे यंत्राच्या नियमाचं काम नाही. पालिकेने दोन्ही नावं घेऊन ठेवावीत. उद्या घरपट्टी भरायला निघालेली आजी दुसऱ्याच दारात पोचली, तर तिने शुद्धलेखन चुकवलं असं म्हणायचा अधिकार कोणाला नाही.

'बारु' आणि 'ॿारु' मात्र एकत्र बांधू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ते दोन शब्द आहेत. सारखे दिसतात तो दोष दाखवण्याच्या पद्धतीचा आहे. ब्राउझरवाल्यांनी दुव्याची रेघ दोन ठिपके खाली ओढावी. सिंधी माणसाला त्याचं अक्षर सोडायला सांगू नये. इथे कॅम्पात पिढी बदलली तशी सिंधी वाचणारे विरळ झाले आहेत, त्यात अक्षरही 'धोकादायक' ठरवलं तर राहिलेल्यांनी लिहायचं कशात?

बरं, आता प्रश्न घेऊ या.