‘मिजाज’, ‘एतिदाल’ आणि ‘समतोल’ : एक अर्थविचार

मराठीत ‘मिजास’ म्हणजे ऐट, घमेंड. मिजास करणे, मिजास उतरवणे, मिजासखोर हे प्रयोग सर्वपरिचित आहेत. तथापि हा शब्द ज्या अरबी ‘मिजाज’वरून फारसीमार्फत मराठीत आला, त्याचा मूळ धातू ‘मिसळणे’ या अर्थाचा आहे.

युनानी वैद्यकात ‘मिजाज’ ही पारिभाषिक संज्ञा होय. इब्न सीना (मृत्यू १०३७) याच्या ‘अल्-कानून फित्-तिब्ब’ या ग्रंथानुसार उष्ण व शीत, आर्द्र व शुष्क हे विरोधी गुण परस्परांवर क्रिया करतात, एकमेकांचा जोर मोडतात आणि संपूर्ण मिश्रणात सारखा असणारा एक नवा गुण सिद्ध होतो. तोच मिजाज.

हे मिश्रण योग्य प्रमाणात असेल तर त्यास ‘एतिदाल’ म्हणतात. त्याचा मराठी अनुवाद ‘समतोल’ असा केला की अर्थ निसटतो. इब्न सीना स्पष्ट सांगतो की, वैद्यांचा एतिदाल सारख्या वजनाचा नव्हे. तो वाटणीतील ‘अदल’, म्हणजे न्याय, यावरून आलेला आहे. हिंदी लोकांचा मिजाज वेगळा, स्लाव लोकांचा वेगळा. एकाचा मिजाज दुसऱ्यास दिल्यास तो आजारी पडेल किंवा मरेल, असे उदाहरण तो देतो. हा चतुर्गुण सिद्धान्त आधुनिक वैद्यकास मान्य नाही. परंतु त्यातील शब्दविवेकाचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही.

अर्थांतराचा दोष एकट्या मराठीचा नाही. मिश्रणाचा गुण, मग स्वभाव, मग तोरा असा हा प्रवास उर्दूतही दिसतो. नजीर अहमद यांच्या ‘मिरातुल उरूस’ (१८६९) या कादंबरीत हट्टी अकबरी ‘मिजाजदार बहू’ ठरते, तर समंजस असगरी ‘तमीजदार बहू’. मराठीत मुख्यतः हा शेवटचा अर्थच रुजला.

अध्यापकांच्या दृष्टीने हा भेद केवळ कोशापुरता नाही. एकाच वर्गात उर्दू माध्यमातून व मराठी माध्यमातून आलेले विद्यार्थी बसतात. मराठीच्या तासाला दोघांना सारखाच वेळ, सारखेच पाठ देणे हा ‘समतोल’ झाला. ज्याची भाषेची तयारी कमी त्यास अधिक वेळ देणे हा एतिदाल. म्हणून अनुवाद करताना एतिदालसाठी ‘यथोचित प्रमाण’ म्हणणे अधिक योग्य ठरेल. ‘समतोल’ हा शब्द वापरायचाच असेल, तर त्यामागे समान वजन अभिप्रेत आहे की न्याय्य वाटा, हे विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे.