लाकडी होडीबरोबर अमेरिकेचा भूगोल, आणि इतिहास?

संशोधनासाठी मी दोन वर्षे मिशिगन राज्यात राहिले, तेव्हा शेजारच्या घरातली दोन मुले शाळेत जात नसत. मुलगी सातवीच्या वयाची, मुलगा पाचवीच्या. सकाळी न्याहारीची भांडी उचलली की त्यांची आई त्याच टेबलावर नकाशा पसरायची आणि शाळा भरायची. अमेरिकेत यात बेकायदा काही नाही. १९९३ सालापासून सर्व पन्नास राज्यांत मुलांना घरी शिकवण्यास कायद्याने मुभा आहे. नियम मात्र राज्याराज्यांत वेगळे. अशा घरशाळांसाठी पुस्तके, नकाशे, कृतिपुस्तिका यांचे संच विकत मिळतात. सहावी ते आठवीच्या इतिहास-भूगोलाचे बरेचसे साहित्य त्या बाईंनी मला चाळायला दिले. माझे काम सरोवरांच्या तळाशी साचणाऱ्या गाळावरचे. इतिहासात मी पाहुणी. पण त्या ढिगाऱ्यात एक पुस्तक असे निघाले, की ज्यात माझीच सरोवरे होती.

‘पॅडल टू द सी’ हे ते पुस्तक. लेखक आणि चित्रकार होलिंग सी. होलिंग, प्रकाशन १९४१ सालचे. कॅनडात सुपीरियर सरोवराच्या उत्तरेस निपिगॉनचा प्रदेश आहे. तिथला एक मूलनिवासी मुलगा हिवाळ्यात फूटभर लांबीची लाकडी होडी कोरतो. होडीत वल्हे धरून बसलेला माणूसही त्याच लाकडाचा. ती उलटू नये म्हणून तळाशी शिसे वितळवून ओततो, पत्र्याचे सुकाणू बसवतो आणि ‘मला पुन्हा पाण्यात सोडा’ अशा अर्थाचे शब्द कोरतो. मग होडी डोंगरउतारावरच्या बर्फात ठेवून देतो. वसंतात बर्फ वितळते, होडी ओहोळात, ओहोळातून नदीत, नदीतून सुपीरियर सरोवरात जाते. पाच सरोवरे, नायगारा आणि सेंट लॉरेन्स नदी ओलांडून चार वर्षांनी ती अटलांटिकला पोहोचते. वाटेत माणसे तिला उचलतात, रंगवतात, पुन्हा पाण्यात सोडतात.

घरशाळांच्या जगात हे पुस्तक ऐंशी वर्षांनंतरही टिकून आहे, त्याला एक कारण आहे. शार्लट मेसन या इंग्लिश शिक्षणतज्ज्ञ बाईंचे (१८४२-१९२३) विचार अमेरिकेतल्या अनेक घरशाळा मानतात. अनेकांनी मिळून लिहिलेल्या कोरड्या पाठ्यपुस्तकापेक्षा विषयावर प्रेम असलेल्या एका माणसाचे पुस्तक मुलाला द्यावे, आणि वाचलेले त्याने स्वतःच्या शब्दांत परत सांगावे, असा त्यांचा आग्रह. होलिंगचे पुस्तक त्यात चपखल बसते. सत्तावीस प्रकरणे, प्रत्येक प्रकरण एका पानाचे, समोर पानभर रंगीत चित्र. समासात पेन्सिलीची बारीक रेखाटने: लाकूड कापायची गिरणी कशी चालते, कालव्यातले दरवाजे उघडून-मिटून जहाज वरच्या पातळीवरून खाली कसे उतरवतात. हे समास मला मुख्य मजकुराहून मोलाचे वाटतात. प्रत्येक सरोवराच्या आकारालाही एक उपमा दिली आहे. सुपीरियर म्हणजे लांडग्याचे डोके, मिशिगन म्हणजे भोपळा, ह्युरॉन म्हणजे पाठीवर कातड्यांचे ओझे घेतलेला फासेपारधी, ऑन्टॅरिओ म्हणजे गाजर. एकदा पाहिले की मूल ते आकार विसरत नाही. एरी सरोवराला मात्र ‘कोळशाचा गोळा’ म्हटले आहे. कोळशाचा गोळा कोणत्याही आकाराचा असू शकतो, तेव्हा ही थोडी लबाडीच.

पुस्तकाची खरी ताकद पहिल्याच प्रकरणात आहे. मुलगा शाळेत शिकलेले सांगतो, की ही सरोवरे हलक्या उतारावर ओळीने मांडलेल्या वाडग्यांसारखी आहेत. वरच्यातले पाणी खालच्यात पडते. हे विधान तपासता येते. सुपीरियरची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे १८३ मीटर, मिशिगन आणि ह्युरॉनची १७६, एरीची १७४, ऑन्टॅरिओची ७५. मुलांना फळ्यावर याचा छेद काढायला सांगा. वाडगी दिसतात, पण उतार एकसारखा हलका नाही. पहिल्या चार सरोवरांत मिळून नऊ मीटरचा फरक, आणि मग एरी व ऑन्टॅरिओच्या मध्ये एकदम नव्व्याण्णव मीटर. त्यातले सुमारे पन्नास मीटर नायगाराच्या धबधब्यात, उरलेले वरच्या आणि खालच्या खळाळांत. नायगारा तिथेच का, आणि जहाजांसाठी वेलँड कालवा तिथेच का खणावा लागला, हे त्या छेदातून न सांगता कळते. आणखी एक हिशेब: सुपीरियरच्या पश्चिम टोकापासून अटलांटिकपर्यंतचा जलमार्ग सुमारे ३,७०० किलोमीटरचा. १८३ मीटरला त्याने भागले तर सरासरी उतार किलोमीटरला पाच सेंटिमीटर येतो. एवढ्या उतारावर पाणी वाहते, हे मुलांना आधी खरेच वाटत नाही.

होलिंगची मोठी चूकही इथेच आहे, आणि तीही तपासता येते. होडी चार वर्षांत पोहोचली म्हणजे पाणीही तेवढ्याच वेळात पोहोचत असेल, असे वाचणाऱ्याला वाटते. सुपीरियरमध्ये सुमारे १२,१०० घन किलोमीटर पाणी आहे. त्यातून सेंट मेरीज नदीने सेकंदाला सरासरी २,१०० घनमीटर पाणी बाहेर पडते, म्हणजे वर्षाला ६६ घन किलोमीटर. भागाकार केला तर १८० वर्षांहून अधिक येतात. निपिगॉनच्या बर्फाचे पाणी सरासरी इतकी वर्षे त्या एका सरोवरात मुक्काम करते. होडीला वारा आणि पृष्ठभागावरचे प्रवाह ढकलतात, आणि पुष्कळदा माणसे उचलून नेतात. ती पाण्याची प्रतिनिधी नव्हे. उलट एरी उथळ आहे. त्यातले पाणी अडीच-तीन वर्षांतच बदलते. १९६० च्या दशकात ‘मेलेले’ ठरवलेले एरी, १९७२ च्या अमेरिका-कॅनडा करारानंतर फॉस्फरस रोखताच तुलनेने लवकर सावरले, ते या भागाकारामुळेच. शेतातल्या खतांमुळे ते पुन्हा बिघडलेही. ऑगस्ट २०१४ मध्ये शेवाळाच्या विषामुळे टोलेडो भागातल्या चार लाखांवर लोकांना तीन दिवस नळाचे पाणी पिता आले नाही. सुपीरियर एकदा बिघडले, तर सावरायला किती पिढ्या लागतील याचा हिशेब मुले स्वतः करू शकतात.

पुस्तक १९४१ चे असल्याने काही गोष्टी त्यात असणे शक्यच नव्हते. मोठी सागरी जहाजे आत आणणारा सेंट लॉरेन्स जलमार्ग १९५९ मध्ये खुला झाला. त्या जहाजांच्या पाण्यातून आलेले झेब्रा शिंपले १९८८ मध्ये सापडले. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती या पुस्तकाभोवती विकल्या जाणाऱ्या कृतिपुस्तिकांबद्दल. मी चाळलेल्या एका संचात ‘सुपीरियर सरोवर निळे रंगवा’ आणि ‘होडी कोणत्या लाकडाची होती?’ असे प्रश्न पानोपानी होते. उंची, घनफळ, प्रवाह यांचा एकही आकडा नव्हता. ज्या पुस्तकाला मूल उलट प्रश्न विचारू शकते, त्याची या संचाने स्मरणशक्तीची परीक्षा करून टाकली होती.

उलट प्रश्नाला घरशाळेत फार महत्त्व आहे. वर्गात चाळीस मुले असतात, दोन-तीन तरी ‘बाई, असं कसं?’ म्हणून हात वर करतात. त्या टेबलाशी एकच शिक्षिका, आणि ती आई. पुस्तक तिने निवडलेले, समजावून सांगणारी तीच. तेव्हा पुस्तकातच पुस्तकाला तपासण्याची सोय असली पाहिजे. भूगोलाच्या बाबतीत होलिंग ती सोय देतो, इतिहासाच्या बाबतीत मुळीच देत नाही.

होडी कोरणाऱ्या मुलाला पुस्तकात नाव नाही. तो केवळ ‘इंडियन मुलगा’. निपिगॉनचा प्रदेश अनिशिनाबे लोकांचा आहे. त्यांनाच ओजिब्वे म्हणतात. सुपीरियरच्या उत्तर किनाऱ्याबाबत त्यांचा ब्रिटिश राजसत्तेशी १८५० मध्ये करार झाला. त्या कराराने आतल्या बाजूची हद्द कुठवर धरली? जलविभाजकापर्यंत! कारण हडसन उपसागराकडे वाहणाऱ्या पाण्याचा सगळा मुलूख हडसन बे कंपनीला १६७० च्या सनदेने आधीच देऊन टाकला होता. म्हणजे ज्या उताराने होडी दक्षिणेकडे निघाली, त्या उताराच्या माथ्यावरूनच एका लोकांच्या जमिनीची सीमारेषा ओढली गेली. मोबदल्यात दरवर्षी माणशी द्यायची रक्कम १८७५ मध्ये चार डॉलर झाली आणि तिथेच थांबली. जमिनीतून उत्पन्न वाढले तर रक्कम वाढवण्याची तरतूद करारात होती. ती सरकारने पाळली नाही, असा निकाल कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दिला. होलिंगच्या मुलाच्या आजोबा-पणजोबांपासूनची ही गोष्ट आहे. पुस्तकात त्याच्यामागे फक्त पाइनची झाडे आणि बर्फ.

विभाजकाची गोष्ट इथेही संपत नाही. पुस्तक निघाल्यानंतर दोनच वर्षांनी, १९४३ मध्ये, हडसन उपसागराच्या बाजूने वाहणाऱ्या ओगोकी नदीचे पाणी धरण बांधून निपिगॉन सरोवरात वळवण्यात आले, वीजनिर्मितीसाठी. निपिगॉन नदीवर आज तीन जलविद्युत धरणे आहेत. त्या नदीत आज होडी सोडली तर ती पहिल्याच धरणाशी अडकेल. भूगोल आणि इतिहास वेगळ्या तासांना शिकवू नयेत असे आपण नेहमी म्हणतो. त्यासाठी याहून चांगला धडा मला ठाऊक नाही, आणि तो होलिंगच्या पहिल्या प्रकरणात न उघडता पडला आहे.

होलिंगच्याच ‘ट्री इन द ट्रेल’ (१९४२) या पुस्तकात ही उणीव अधिक टोचते. कॅन्ससच्या मैदानातले एक कॉटनवूडचे झाड दोनशेहून अधिक वर्षे उभे राहून सांता फेच्या वाटेवरचा इतिहास पाहते. हे झाड भराभर वाढणारे आणि तुलनेने लवकर मरणारे, तेव्हा दोनशे वर्षे हा लेखकाचा आशीर्वादच म्हणायचा. पण झाड साक्षीदार केले की फार सोयीचे होते. त्याला कोणी उलटतपासणी घेत नाही. माणसे येतात, जातात, एकमेकांच्या जागा घेतात, आणि हे सगळे ऋतू बदलावे तसे घडले असे वाटू लागते.

या बाबतीत जॉय हकीम यांची ‘अ हिस्टरी ऑफ अस’ ही दहा खंडांची मालिका कितीतरी प्रामाणिक आहे. ऑक्सफर्डने ती १९९३ पासून काढली. हकीम पूर्वी शिक्षिका आणि वार्ताहर होत्या. मुलाशी समोरासमोर बोलावे तशी त्यांची भाषा. १८२० ते १८६० या काळावरच्या खंडाच्या नावातच ‘सर्वांसाठी स्वातंत्र्य?’ असे प्रश्नचिन्ह आहे. गुलामगिरी त्यांनी तळटीपेत ढकललेली नाही. सहावी ते आठवीसाठी सलग वाचायला याहून चांगले मी पाहिलेले नाही. (त्यांनी विज्ञानाच्या इतिहासावरही तीन खंड लिहिले आहेत, विज्ञान शिक्षकांनी ते जरूर मिळवावेत.) तरी दोन गोष्टी खटकल्या. नकाशे गोष्टीला टेकू म्हणून येतात, त्यांवर काम करावे असे ते नाहीत. आणि सांगणाऱ्या बाई इतक्या मनमिळाऊ आहेत, की त्यांच्याशी मतभेद करावा हे मुलाला सुचतच नाही.

मतभेद शिकवणारे साहित्य तिसऱ्याच प्रकारचे आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग यांच्या गटाने मूळ कागदपत्रांवर आधारलेले पाठ तयार केले. ते विनामूल्य मिळतात. त्यातला एक पाठ पोकाहॉन्टसवर आहे. तिने जॉन स्मिथचा जीव वाचवला ही कथा अमेरिकेत प्रत्येक मुलाला माहीत असते. पाठात स्मिथचेच दोन उतारे दिले आहेत. १६०८ मध्ये, घटनेनंतर काही महिन्यांतच, त्याने लिहिलेल्या वृत्तांतात जीव वाचवल्याचा उल्लेखच नाही. १६२४ मध्ये, पोकाहॉन्टस वारल्यावर सात वर्षांनी, त्याने लिहिलेल्या ग्रंथात ती कथा येते. कशावर विश्वास ठेवायचा, आणि का? प्रयोगशाळेतली त्या दिवसाची नोंदवही आणि सोळा वर्षांनी लिहिलेली आठवण यांत फरक करायला आम्ही संशोधनाच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. तेच हे, आणि बारा वर्षांच्या मुलाला जमणारे. उणीव एवढीच, की नुसत्या उताऱ्यांवर मूल जगत नाही. शेजारच्या मुलाला हे पाठ दोन आठवड्यांत नकोसे झाले होते. होडी त्याने तीनदा वाचली होती.

आपल्याकडे पंचमहासरोवरे शिकवताना हे साहित्य वापरायचे, तर होलिंगचे एकच पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात असले तरी पुरे. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाने त्यावर १९६६ मध्ये काढलेला अर्ध्या तासाचा चित्रपटही दाखवता येईल. कृतिपुस्तिकेवर पैसे घालवू नयेत. पाच पातळ्यांचे आकडे फळ्यावर लिहावेत, छेद काढून घ्यावा, आणि मग निपिगॉनच्या वर जलविभाजकाची रेघ ओढून विचारावे, की या रेघेच्या पलीकडची जमीन कोणाची आणि अलीकडची कोणाची. शेजारच्या मुलीला मी हा प्रश्न विचारला, तेव्हा तिने आधी आईकडे पाहिले. आई म्हणाली, “मला माहीत नाही, आपण शोधू.”