झारॉफचे ‘आपण’

रिचर्ड कॉनेल या अमेरिकन लेखकाची ‘द मोस्ट डेंजरस गेम’ ही साहसकथा 1924 साली ‘कॉलिअर्स’ साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. जहाजावरून पडलेला रेन्सफर्ड हा शिकारी पोहत एका बेटावर येतो. तेथील रशियन जनरल झारॉफ त्याचे उत्तम आतिथ्य करतो आणि पुढे त्याचीच शिकार आरंभितो. झारॉफ शॅम्पेन पितो, ऑपेरातील सूर गुणगुणतो, मार्कस ऑरेलियस वाचतो. ही सुसंस्कृतता म्हणजे क्रौर्यावरील पांघरूण होय, असे सामान्यतः समजले जाते. आम्हांस ते मान्य नाही. आणि कथा मराठीत आणू पाहणाऱ्यास सर्वनामापाशीच या मताची अडचण जाणवेल.

इंग्रजीत ‘यू’ एकच. मराठीत तू, तुम्ही, आपण. जेवणाच्या मेजावर ‘आपण’ व शिकारीच्या वेळी ‘तू’ योजण्याचा मोह अनुवादकास होईल, कारण आपल्या रहस्यकथांतील खलपुरुष उघडा पडला की बहुधा एकेरीवर येतो. झारॉफ मात्र पाठलागातही रेन्सफर्डच्या सापळ्याचे मनःपूर्वक अभिनंदन करतो व खांद्याची जखम बांधून घेण्यास परततो. त्याचे ‘आपण’ शेवटच्या द्वंद्वापर्यंत टिकलेच पाहिजे. नांदेड-लातूरच्या वाचकास हे समजावून सांगावे लागू नये. 1948 पर्यंत येथील राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. अदब आणि दया या दोन भिन्न वस्तू आहेत हे दरबारी बोलीच्या सहवासाने येथे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. उलट मराठी नाटक-चित्रपटांत गुंडाच्या तोंडी हटकून ग्रामीण बोली घातली जाते. (आमच्या भागाच्या बोलीला हा मान वारंवार मिळतो!) कॉनेलचे क्रौर्य प्रमाण भाषा बोलते.

हे ‘आपण’ लाभते कोणास, हेही पाहिले पाहिजे. शिकारीचा ग्रंथकार म्हणून रेन्सफर्ड झारॉफच्या बरोबरीचा. म्हणून त्याला ते मिळते. यापूर्वी मारलेल्या खलाशांचा उल्लेख जनरल केवळ वंशवार करतो, आणि असल्या विसांहून एक जातिवंत घोडा मोलाचा मानतो. त्या यादीत लास्करही आहेत. रत्नागिरीकडील कित्येक कोकणी खलाशी इंग्रजी जहाजांवर याच नावाने ओळखले जात. मराठी वाचकाची जागा त्या मेजावर नसून तळघरात आहे, हे अनुवादात लपता कामा नये. तेव्हा ‘लास्कर’ हा शब्द गाळून नुसते ‘परदेशी नावाडी’ करणे आम्हांस गैर वाटते.

शीर्षकातील ‘गेम’चे खेळ आणि सावज असे दोन अर्थ आहेत. ‘शिकार’ या शब्दात कृती व सावज दोन्ही येतात, खेळ मात्र सुटतो. तरीही आम्ही ‘शिकार’च पसंत करू.