बूटिंगचे प्रकार किती?

संगणक-परिचयाच्या पुस्तकांत एक प्रश्न हमखास भेटतो: 'बूटिंगचे प्रकार किती व कोणते?' उत्तरही ठरलेले. बंद संगणक बटण दाबून सुरू केला तर कोल्ड बूटिंग. चालू संगणक कंट्रोल, आल्ट व डिलीट या कळा एकदम दाबून पुन्हा सुरू केला तर वॉर्म बूटिंग. उत्तर चूक नाही. आमचा आक्षेप एवढाच, की संगणक सुरू होताना कोणाचे ऐकतो ही मुख्य गोष्टच त्यातून निसटते.

'बूट' हा शब्द 'बूटस्ट्रॅप'वरून आला. स्वतःच्या बुटाचा पट्टा धरून स्वतःलाच वर उचलायचे, अशी ती कल्पना. संगणकापुढे पेच तोच आहे: चकतीवरचा प्रोग्राम वाचायलाही प्रोग्राम लागतो, तो आणायचा कोठून? म्हणून मदरबोर्डवरील एका चिपमध्ये 'बायोस' हा छोटा प्रोग्राम आधीच लिहून ठेवलेला असे. तो यंत्राची तपासणी करी, ड्राइव्हमध्ये फ्लॉपी असल्यास तिच्यावरील पहिले 512 बाइट स्मृतीत घेई आणि सगळी सूत्रे त्यांच्या हाती सोपवी. ते 512 बाइट भल्याने लिहिले की बुऱ्याने, याची चौकशी होत नसे.

या भाबडेपणाचा फायदा घेणारा 'जोशी' नावाचा विषाणू जून 1990 मध्ये भारतात सापडला. दर 5 जानेवारीला तो संगणक अडवून धरी आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असे टाइप करायला लावी. नुसती माहिती साठवलेली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये विसरली तरी त्याला पुरे. 'ही सिस्टिम डिस्क नाही' असा संदेश दिसेपर्यंत तो आत शिरलेला असे. शिवाय वॉर्म बूटिंग केले तरी तो स्मृतीत टिकून राही. वीज पूर्ण बंद करायची आणि खाचेवर चिकटपट्टी लावलेल्या, म्हणजे जिच्यावर काही लिहिता येत नाही अशा, स्वच्छ फ्लॉपीवरून संगणक सुरू करायचा, हाच उपाय होता. कोल्ड आणि वॉर्म यांतला फरक जिथे खरोखर कामाला आला, तो प्रसंगच आपण मुलांना सांगत नाही! पुण्यातील कैलास व संजय काटकर या भावांचे 'क्विक हील' हे विषाणूरोधक सॉफ्टवेअरही याच फ्लॉपीच्या काळातले.

देहूरोडच्या मुलांना हे समजावणे अवघड नाही. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काम करणारे कोणी ना कोणी त्यांच्या घरात किंवा शेजारी असते. पहिला नग तपासून पास झाल्याशिवाय पुढचे नग काढायचे नाहीत, हा तिथला नियम त्यांच्या कानावरून गेलेला असतो. पहिला नग बिघडला तर सारा लॉट वाया. त्या 512 बाइटचेही तसेच.

आता फ्लॉपी गेली, पेनड्राइव्ह आला. विंडोज 8 बरोबर, 2012 पासून, 'सिक्युअर बूट' नावाचा पहारेकरीही आला. पहिल्या प्रोग्रामवर ओळखीची डिजिटल सही असेल तरच तो आत सोडतो. तरीही 'सिक्युअर बूट बंद करा आणि पेनड्राइव्ह लावा' असा सल्ला सर्रास दिला जातो. पहारेकऱ्याला घरी पाठवताना तो कशासाठी उभा होता, हे सांगायला नको का?

उलट, भीतीपोटी पेनड्राइव्हला प्रयोगशाळेत पूर्ण बंदी घालणेही आम्हाला पटत नाही. विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 च्या अटींत न बसणारे चांगले चालते संगणक शाळांनी लगेच भंगारात का काढावेत? उबुंटू किंवा फेडोरा अधिकृत ठिकाणाहून उतरवून घ्यावे, फाइलचा चेकसम जुळतो का ते मुलांकडूनच तपासून घ्यावे आणि पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून पाहावा. या दोन्हींना सिक्युअर बूट बंद करावे लागत नाही. 'इन्स्टॉल' न निवडता नुसते वापरून पाहिले, तर सारे काम स्मृतीत चालते आणि आपण होऊन हात लावला नाही तर हार्डडिस्कवरील मजकूर जसाच्या तसा राहतो.

एवढा एक तास झाला, की परीक्षेत प्रकार विचारण्याऐवजी असे विचारता येईल: 'तुमच्या प्रयोगशाळेतील संगणक पहिली सूचना कोठून घेतो, आणि ती जागा कोणाच्या ताब्यात आहे?' याचे उत्तर पाठ करून देता येणार नाही. संगणकापाशी जाऊन पाहावेच लागेल.