‘बळी’: आवाज बंद करून बघा

भुताच्या सिनेमालाही कंट्रोल लावता येतो. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) घ्या. उसाचं शेत, गरोदर नायिका, स्त्रीभ्रूणहत्या. भुतं काढली तरी भीती उरते.

त्याच दिग्दर्शकाचा ‘बळी’ (२०२१) मात्र निराश करतो. प्रश्न तगडा आहे: एकटा बाप, दवाखान्यात भरती पोरगा, चालू असलेल्या तपासण्या. वाशिमहून पेशंट घेऊन अकोला गाठणाऱ्याला ही धास्ती वेगळी सांगावी लागत नाही. स्वप्नील जोशी ती चेहऱ्यावर आणतोही. पण सिनेमा तिथे थांबतच नाही. एलिझाबेथ नावाची गूढ नर्स, अंधारे कॉरिडॉर आणि अचानक वाढणारा आवाज यांच्यामागे धावतो. आपण दचकतो, घाबरत नाही. मोठ्या आवाजाला दचकणं ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. तो कथेचा पुरावा नव्हे.

खात्री करायची? तोच प्रसंग आवाज बंद करून बघा. भीती गेली, तर ती आवाजाचीच होती.

पीएचडीची सिनॉप्सिस लिहिताना हेच करा. भारी शब्द खोडा, आणि खाली प्रश्न उरतो का ते बघा. नसेल उरत, तर गाईडकडे जायच्या आधी तुम्हालाच कळलेलं बरं.